हरकत नसल्याचा कागद

रमावहिनींनी चिंच आणि राख लावून संगीन घासली आणि ताटासारखी लखलखीत करून देवघरापुढच्या पाटावर ठेवली. खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड पूजेला बसतं. विळी, अडकित्ता, कात्री, कुऱ्हाड, मंजिरीचं शिवणाचं मशीन, सगळ्यांची आंघोळ झाली होती. मग वन्संची एवढी हातभर लांब संगीन तेवढी काळीकुट्ट कशी बसवायची? वहिनींचा हेतू सोन्यासारखा होता. पण सुलोचना न्हाऊन आली, तिनं पाटाकडे पाहिलं आणि ती तिथंच जमिनीवर बसली.

"कोणी घासली?"

"मीच. पहाटे उठून. काय गंज चढला होता वन्सं, मूठभर चिंच लागली."

"तो गंज नव्हता वहिनी. तो तिचा रंग होता. सत्तर वर्षं लागली होती तो चढायला."

वहिनींना रंगाचं काही कळलं नाही, पण आपल्या हातून काहीतरी चुकलं एवढं कळलं. कोरड्या फडक्यानं सुलोचनानं संगीन पुसली, ओल राहिली नाही ना हे तिन्ही कडांवरून बोट फिरवून पाहिलं, तेलाचा हात दिला आणि पुन्हा पाटावर ठेवून दिली. रागावता येत नव्हतं असं नाही. मुलींच्या शाळेत अठरा वर्षं इतिहास शिकवणाऱ्या बाईला रागावता येत नाही असं कोण म्हणेल? पण आज तिला या घरात एका कागदावर एक सही हवी होती, आणि सही हवी असताना माणसानं चिंचेवरून भांडण काढू नये.

कागद साधा होता. सुलोचनाला एक बंदूक विकत घ्यायची होती. होळकरांचं इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, फौज मोडली, आणि फौजेतल्या जुन्यापान्या बंदुकांचा एक लॉट राजवाड्यामागच्या अकबरअलीसेठच्या दुकानात येऊन पडला. त्यातली एक मार्टिनी बनावटीची बंदूक तिनं पसंत केली होती. खालचा दांडा ओढला की पोटातला ठोकळा खाली बसतो, एक काडतूस आत सारायचं, दांडा वर, झालं. ते काडतूस आता कुठंही मिळत नाही. म्हणजे या बंदुकीनं चिमणीसुद्धा मरणार नव्हती. लायसनसाठी ठाण्यात अर्ज गेला, बाईमाणसाचा अर्ज म्हणून तो चार जणांनी उलटसुलट करून पाहिला, आणि शेवटी ठाणेदारसाहेबांनी एकच गोष्ट मागितली. घर कोणाच्या नावावर आहे? थोरल्या भावाच्या. मग हत्यार या घरात ठेवायला आपली हरकत नाही, असं त्यांच्या सहीचं लिहून आणा.

थोरले भाऊ म्हणजे दत्तोपंत. त्यांच्याकडे हा कागद मागून दीड महिना झाला होता. 'बघू', 'जरा थांब', 'पितृपक्ष जाऊ दे' असं करता करता नवरात्र सरत आलं. परवा अकबरअलीसेठनं निरोप पाठवला होता, की उद्या दसऱ्याला मानपूरचे एक ठाकूरसाहेब उरलेला सगळा लॉट उचलणार आहेत. आज दिवेलागणीपर्यंत बाईजींनी भावाचा कागद दाखवला तर बंदूक त्यांच्या नावानं बाजूला ठेवतो, लायसन मागाहून येऊ दे. नाहीतर मजबूरी आहे.

बंदुकीच्या आधी तिचा सगळा साज घरात येऊन बसला होता, ही या प्रकरणातली खरी गंमत. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मुलींची सहल मांडूला चालली असताना मानपूरला आग्रा रोडवर चहासाठी गाडी थांबली. तिथं एक शेळी ज्या खुंटीला बांधली होती ती खुंटी म्हणजे मार्टिनीची संगीन होती. सुलोचनानं चहा तसाच सोडला आणि शेळीच्या मालकाशी बोलणं लावलं. पुढच्या रविवारी मल्हारगंजातल्या लोहाराकडून नवीकोरी खुंटी आणि साखळी करवून घेऊन ती एकटी मानपूरला गेली आणि अदलाबदल करून आली. संगीन आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली तेव्हा कुठं तिचं नळीला अडकवायचं कडं फिरायला लागलं. मग तेलाची पितळी बाटली आली. नळीच्या तोंडाचं झाकण आलं. खांद्याचा पट्टा मिळेना, तेव्हा तिनं वडिलांचा शिलेखान्याच्या पहाऱ्याबरोबर काढलेला जुना फोटो काढला, भिंगातून पट्ट्याचे टाके मोजले आणि मारुती मोच्याकडून तेवढ्याच टाक्यांचा पट्टा शिवून घेतला. मारुतीनं दोनदा उसवून पुन्हा शिवला आणि तिसऱ्यांदा हात जोडले. धाकटा भाऊ शरद तेव्हापासून तिला चिडवायचा, "ताईचं म्हणजे नालासाठी घोडं आहे."

आप्पा, म्हणजे या तिघांचे वडील, होळकरांच्या शिलेखान्याचे दारोगा होते; फौजेची हत्यारं त्यांच्या ताब्यात असत. सुलोचना दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर तिथं जायची. ते नंबर वाचायचे, ती वहीत बरोबरची खूण करायची. शिलेखाना रिकामा झाला त्याच वर्षी आप्पा गेले. त्यामुळं ही वडिलांची आठवण म्हणून बंदूक घेते असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. कोणी तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की आठवणीसाठी आप्पांचा चष्मा आहे. बंदूक तिला आवडत होती. ती हातात धरावी, पुसावी, तिचा एकेक जिन्नस जागच्या जागी असावा असं तिला वाटत होतं. एवढंच कारण होतं, आणि तिच्या मते तेवढं पुरे होतं.

पूजा झाली. शरद तोवर आला होता. तो बांधकाम खात्यात ओव्हरसियर, सरकारी क्वार्टरात राहायचा, सणाला बायकोला माहेरी सोडून जेवायला इथं यायचा. श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून पुरुषमंडळी बैठकीत येऊन टेकली आणि सुलोचना कोरा कागद घेऊन दत्तोपंतांसमोर उभी राहिली.

"दादा, कागद."

दत्तोपंत पानाला चुना लावत होते. त्यांनी सावकाश सुपारी घातली, पान दुमडलं, तोंडात ठेवलं. "आज? सुलू, आज खंडेनवमी. दौत-लेखणी पूजेत बसली आहे. आपली हत्यारं तीच. आज आपल्या घरात अक्षर लिहीत नाहीत."

"आप्पा लिहायचे. शिलेखान्याचा रोजचा पट ते आजच्या दिवशीही लिहायचे. मी शेजारी बसलेली असायची."

"ते सरकारी काम. हे घरगुती आहे. परवा देतो ना."

"परवा ठाकूरसाहेबांची गाडी मानपूरला पोचलेली असेल."

"तर मग देवीची मर्जी नाही म्हणायचं."

"पेन्सिल पूजेत नाहीये," सुलोचना म्हणाली.

"पेन्सिलीचा कागद ठाण्यात कोण घेईल? तीस वर्षं कागदातच गेली माझी."

"मग अंगठा दे."

शरदला ठसका लागला. दत्तोपंत महसूल खात्याचे सुपरिंटेंडेंट होते. त्यांचं अक्षर पाहून ग्वाल्हेरचे साहेबलोक मसुदे मुद्दाम त्यांच्याकडे पाठवत. त्यांनी बहिणीकडे असं पाहिलं, जणू तिनं भलतंच काही मागितलं आहे.

"चेष्टा पुरे," ते म्हणाले. "खरं सांगू का तुला? मला हे पटत नाही. मंगळवारी सरकार हिवाळ्याच्या राजधानीला, ग्वाल्हेरला चाललं. आमचं ऑफिस, फायली, आम्ही, सगळे साडेसहा महिने तिकडं. मागे घरात तिघी बायका आणि एक बंदूक. उद्या कमीजास्त झालं तर?"

"काय होणार दादा? गोळीच मिळत नाही तिची."

"गोळी मिळत नाही मग बंदूक कशाला?"

"ठेवायला."

"ठेवायला!" दत्तोपंतांनी शरदकडे पाहिलं. "हे उत्तर झालं का? माणूस घोडा ठेवतो तर बसायला, गाय ठेवतो तर दुधाला."

"तू टपाल तिकिटं ठेवतोस, ती कुठं चिकटवतोस?"

आतून मंजिरी फिसकन हसली. ती दत्तोपंतांची मुलगी, इंटरला होती, आणि आत्याच्या बाजूनं बोलायची संधी शोधत दाराआड उभी होती. रमावहिनी मात्र पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"वन्सं, राग मानू नका. दिवाळीनंतर देवासची मंडळी मंजूला बघायला येणार. घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांना बंदूक दिसली, कोणाची म्हणून विचारलं, तर काय सांगू? मुलीच्या आत्याची?"

"मी तर सांगेन," मंजिरी दारातून म्हणाली. "त्यात काय छुपवायचं?"

"तू आत जा."

"जाने दो ना दादा," शरद म्हणाला. "शोभेची चीज आहे. लोक वाघाची कातडी नाही लावत? ताई काही पागल नाही, अठरा वर्षं नोकरी करते आहे. दे लिहून आणि झंझट संपव."

सुलोचनाला वाटलं, चला, मंजू धरून तीन विरुद्ध दोन झालं. शरद बरोबर असला की दादा शेवटी ऐकतो. तिनं कागद दादांच्या पुढ्यात सरकवून ठेवला.

शरदला भांडणं आवडत नसत. ठेकेदार आणि साहेब दोघंही खूश राहतील असा मार्ग काढण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती, आणि तो त्यात इतका तरबेज झाला होता की कुठलंही भांडण दिसलं की त्याचा हात आपोआप शिवायला जायचा. त्यानं दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला एकदम सोपं उत्तर सुचलं.

"अरे, मी तर म्हणतो, लायसन दादाच्याच नावानं काढू ना. सवालच मिटला. मालक दादा, घर दादाचं, बंदूक दादाची. ना हरकतीचा कागद लागेल, ना ठाण्याचा चक्कर. दादाला तर दोन दिवसांत देतील. ताईला काय, बंदूक घरात आल्याशी मतलब."

रमावहिनींचा चेहरा खुलला. "हे बाई चांगलं. यांच्या नावावर असली तर मानाची गोष्ट आहे. देवासच्या लोकांनाही सांगता येईल, आमचे मामंजी शिलेखान्याचे दारोगा होते म्हणून."

दत्तोपंतांनी पान गालात सारलं. ग्वाल्हेरच्या सरदारलोकांच्या बैठका त्यांनी पाहिल्या होत्या. कुठल्याही जहागीरदाराकडे जावं तर भिंतीवर दोन तलवारी, एक ढाल आणि खाली बसलेला जहागीरदार. आणि 'आप इंदौरवाले तो बस कलम घिसते हैं' हे ऐकून घ्यायचं. आपल्या बैठकीत, आपल्या खुर्चीच्या वर, आपल्या नावाची बंदूक. ती कल्पना त्यांना नको म्हणता आली नाही, आणि खरं तर त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

"तसं असेल तर," ते म्हणाले, "तसं असेल तर विचार करता येईल."

"विचार काय, आजच अर्ज लिही. मी जाताना ठाण्यात देतो आणि सेठला सांगतो, बंदूक दत्तोपंतसाहेबांच्या नावानं ठेव."

दत्तोपंत उठले. देवघरापुढं गेले, हात जोडले, आणि पाटावरच्या दौत-लेखणीवरचं फूल बाजूला करून लेखणी उचलून घेऊन आले. बैठकीवर बसता बसता त्यांनी सुलोचनाचाच कागद पुढं ओढला.

"इथं लावू," शरद भिंतीजवळ जाऊन हातानं मापं घ्यायला लागला. "तिरपी. संगीन वेगळी काढून खाली आडवी. तो पट्टा नको, लोंबतो. आमच्या सुताराकडून लाकडाला मस्त वॉर्निश मारून घेतो, एकदम चकाचक."

"आणि नळीला जरा चिंच–" वहिनी बोलून गेल्या आणि थांबल्या.

दत्तोपंतांनी वर 'श्री' लिहिलं.

"दादा," सुलोचना म्हणाली. "तू लेखणी उचललीस."

त्यांचा हात थबकला.

"मघाशी ती पूजेत होती."

"देवीला नमस्कार करून घेतली," दत्तोपंत म्हणाले. "घराचं काम आहे."

"मघाशी माझं होतं म्हणून नाही उचलली."

"सुलू, तू पण ना! तुला बंदूक पाहिजे होती, ती येते आहे. आणखी काय पाहिजे?"

सुलोचनाला पहिल्यांदा राग आला तो दादाचा नव्हे, शरदचा. दादा विरुद्धच होता. शरद बरोबर आहे असं ती धरून चालली होती. मग तोही ओसरला आणि त्याच्या खालचं काहीतरी दिसलं. या घरात तिच्यावर सगळ्यांची माया होती. त्या मायेत खोट नव्हती. पण दादा ग्वाल्हेरला गेला की साडेसहा महिने दूधवाल्यापासून म्युनिसिपालिटीपर्यंत सगळं पाहणारी, वहिनीला ताप आला तर डॉक्टरला घेऊन येणारी, मंजिरीची फी वेळेवर भरणारी सुलोचना एखादी गोष्ट स्वतःच्या नावानं मागू शकते, हे यांच्या डोक्यातच येत नव्हतं. तिला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच पुढं काय करायचं तेही ठरून गेलं.

"लिहू नकोस दादा," ती म्हणाली. "मी रामबागेत राहायला जाते."

"कुठं?"

"सरलाकडे." सरला तिच्या शाळेत चित्रकला शिकवायची, नवरा गेल्यावर घर तिच्या नावावर झालं होतं. "तिच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तिनं तीनदा विचारलंय. दर वेळी मी नाही म्हटलं, कारण तू ग्वाल्हेरला आणि इथं वहिनी नि मंजू दोघीच. घर तिचं, तेव्हा हरकत नसल्याचा कागद तीच देईल. पत्ता बदलल्याचा अर्ज मी देते. दिवेलागणीला अजून तीन तास आहेत."

शरद हसला, पण अर्ध्यावर थांबला. "ताई, नालासाठी घोडं ऐकलं होतं. घोड्यासाठी घर सोडणं नव्हतं ऐकलं."

"घोड्यासाठी नाही रे."

"मग कशासाठी?"

"तुला भिंतीचं माप घेताना एकदा तरी वाटलं का, की ताईला विचारावं?"

भिंतीवर ठेवलेला हात शरदनं काढून घेतला.

"लोक काय म्हणतील?" दत्तोपंत म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो उतरला होता. "बहीण बंदुकीपायी घर सोडून गेली म्हणतील."

"म्हणू देत. सगळेच तसं म्हणतील असं नाही, खरं कारणही कोणीतरी म्हणेल."

एवढं बोलून ती आत गेली.

सामान फारसं नव्हतं. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची पेटी. आठ वर्षांपूर्वी शाळेत बढती मिळाली तेव्हा घेतलेलं टेबल राहू दे म्हणाली, मंजूला अभ्यासाला होईल. मंजिरी डोळे पुसत पुस्तकं भरत होती आणि मधूनच एखादं पुस्तक 'हे मी वाचायला ठेवते' म्हणून बाजूला काढत होती. रमावहिनी दारात उभ्या राहिल्या, आत आल्या, पुन्हा दारात गेल्या. बावीस वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला होता. लग्न होऊन आल्या तेव्हा नणंदेचा धाक वाटला होता, आणि तो कधी गेला ते त्यांना सांगता आलं नसतं.

"नवमीला घरातून निघतं का कोणी?" त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या सीमोल्लंघन आहे, उद्या जा."

"उद्या बंदूक नसेल वहिनी."

वहिनी बाहेर गेल्या. आल्या त्या हातात संगीन घेऊन. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे त्याच सगळ्यांना बजावत असत. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा जमिनीवर पसरला आणि संगीन मधोमध ठेवली.

"देवीला मी सांगते," त्या म्हणाल्या. "हिला तेल कुठलं लावायचं? खोबरेल चालेल?"

"नाही. मशीनचं. थोडंसंच. आणि पाणी लागू द्यायचं नाही."

"आणि चिंच नाही."

"आणि चिंच नाही."

वहिनींना हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्या लुगड्याची घडी घालत बसल्या. "मला एक गोष्ट लागून राहिली आहे वन्सं. तुमच्या नावानं म्हटल्यावर मी नको म्हटलं. यांच्या नावानं म्हटल्याबरोबर हो म्हटलं. बंदूक तीच होती. मी असं कसं केलं?"

"तुम्ही एकट्यांनी नाही केलं."

"पण मी तरी नको होतं करायला."

सुलोचनानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "मी दर रविवारी येईन. ताप आला तर निरोप पाठवा, मधे पण येईन. तुम्हाला सोडून नाही चालले मी."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर मला थांबा म्हणता येत नाहीये."

बैठकीत शरद आणि दत्तोपंत समोरासमोर बसले होते. 'श्री' लिहिलेला कागद मधे पडला होता. शरदला घरी जायचं होतं आणि उठवत नव्हतं. दत्तोपंत मंगळवारचा विचार करत होते. दर वर्षी ग्वाल्हेरची गाडी सुटताना त्यांना कधी मागं वळून पाहावं लागलं नव्हतं. तिकडं खानावळीत जेवताना, थंडीत कुडकुडताना, घराची काळजी म्हणून कधी झोप उडाली नव्हती. याचं कारण आपला स्वभाव शांत आहे, असं ते इतकी वर्षं समजत होते. आज पहिल्यांदा त्यांना त्याचं खरं कारण दिसलं, आणि ते आत ट्रंक बांधत होतं.

"दादा," शरद हळूच म्हणाला, "चूक माझी झाली. मी बोललो नसतो तर–"

"तू बोललास," दत्तोपंत म्हणाले, "पण लेखणी मी उचलली."

मंजिरीनं गल्लीच्या तोंडाशी जाऊन टांगा आणला. ट्रंक चढली, वळकटी चढली. शरदनं पुस्तकांची पेटी स्वतः उचलून ठेवली आणि बाजूला उभा राहिला; सुलोचनानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्यानं मान खाली घातली. वहिनींनी हातावर दही घातलं. लुगड्यात गुंडाळलेली संगीन, पट्टा आणि तेलाची बाटली मांडीवर घेऊन सुलोचना टांग्यात बसली. दादाला नमस्कार करायला ती मघाशी बैठकीत गेली होती, पण दादा तिथं नव्हता.

टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला तेवढ्यात दत्तोपंत बाहेर आले. टोपी न घालता दारात आलेले दत्तोपंत मल्हारगंजानं आजवर पाहिले नव्हते. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि बोटाला शाई लागली होती.

"हे घे," ते म्हणाले. "तुझ्याच नावानं आहे. नीट वाच."

तिनं घडी उलगडली. सुरेख, गोल, एका ओळीत चालणारं अक्षर. आपली सख्खी बहीण कुमारी सुलोचना हिनं स्वतःच्या नावे, स्वतःच्या कमाईतून बंदूक खरेदी करून ती आपल्या मालकीच्या घरात ठेवण्यास आपली कोणत्याही प्रकारची हरकत नाही, आज नाही व पुढेही असणार नाही. खाली सही, तारीख. 'स्वतःच्या' हा शब्द दोनदा लिहिला होता, आणि मसुद्यात एक शब्द दोनदा येऊ न देणारा हा माणूस होता. तिनं कागद पुन्हा एकदा सावकाश वाचला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली.

"मग उतर आता. शरद, ट्रंक घे खाली."

शरद पुढं झाला. सुलोचनानं हातानंच त्याला थांबवलं. उतरावं असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आत जाऊन चहा टाकावा आणि हा दिवस मिटवून टाकावा.

"दादा," ती म्हणाली, "मघाशी मी हा कागद मागत होते ना, तेव्हा मी इथंच राहणार होते. तू दिला असतास तरी आणि नसतास तरी."

दत्तोपंत तिच्याकडे पाहत राहिले. "आणि आता मी दिला तर?"

"आता तू मी थांबावं म्हणून देतो आहेस. बंदुकीसाठी नाही."

तीस वर्षं दत्तोपंत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे लिहीत आले होते. या एका वाक्यावर काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. सुलोचनानं कागदाची त्यांनीच घातलेली घडी होती तशी घातली आणि तो त्यांच्या हातात परत ठेवला. मग वाकून त्यांच्या पायांपर्यंत हात नेला. टांग्यातून तो पोचत नव्हता, तेव्हा दत्तोपंत आपणहून एक पाऊल पुढं आले.

"रविवारी येते," ती म्हणाली. "ग्वाल्हेरला पोचल्यावर पत्र टाक. रामबागच्या पत्त्यावर."

"बाईजी, कहाँ चलना है?" टांगेवाल्यानं विचारलं.

"पहले रामबाग, फिर राजवाड़ा," सुलोचना म्हणाली. "जरा जल्दी चलो भैया, दुकान बंद हो जाएगी."

टांगा वळला. गर्दीत तो दिसेनासा झाला तरी दत्तोपंत शाई लागलेल्या बोटांत कागद धरून दारातच उभे होते. रमावहिनी एकदा त्यांना आत बोलवायला आल्या आणि त्यांच्या शेजारीच उभ्या राहिल्या.